माशाच्या रक्तात थायरॉइडचं हार्मोन कोण वाहून नेतं?

रंकाळाकाठ (धागाकर्ता), मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात प्रात्यक्षिकासाठी बाजारातून किलोभराचा सायप्रिनस मासा आणला होता. हृदय, कल्ले, वाताशय, मूत्रपिंड सगळं मुलांनी नीट दाखवलं. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, याची थायरॉइड कुठाय?"

माणसाची अवटू ग्रंथी गळ्यापाशी फुलपाखरासारखी असते, हे तिला माहीत होतं. माशात तशी एकसंध ग्रंथी बहुतेक वेळा नसतेच. हाडाच्या बहुतेक माशांत हृदयातून कल्ल्यांकडे जाणाऱ्या महाधमनीभोवती हार्मोन बनवणाऱ्या छोट्या छोट्या पुटिका (पेशींच्या पोकळ पिशव्या) विखुरलेल्या असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. सायप्रिनसमध्ये तर त्यातल्या कामाच्या पुटिका मूत्रपिंडात जाऊन बसलेल्या असतात. एवढं मी सांगितलं.

पण तिचा पुढचा प्रश्न जास्त खोल होता. तिच्या आईला थायरॉइडची गोळी चालू आहे, रिपोर्ट मोबाईलवर होता. त्यात 'टोटल टी-४' आणि 'फ्री टी-४' (म्हणजे मोकळं) असे दोन आकडे. टी-४ म्हणजे थायरॉक्सिन, थायरॉइडचं हार्मोन. ती म्हणाली, "म्हणजे उरलेलं कशाला तरी बांधलेलं असणार. माशाच्या रक्तात कशाला बांधलेलं असतं?"

मी 'प्रथिनांना' एवढंच उत्तर दिलं. ते चूक नाही, पण अर्धं आहे. मला ते पूर्ण हवंय. जाणकारांनी लिहावं.

---

मंगळवारपेठ_डॉक्टर

सर, आधी त्या रिपोर्टचं गणित मुलांकडून करून घ्या, बाकी आपोआप उलगडेल. समजा टोटल टी-४ आठ मायक्रोग्रॅम आहे आणि फ्री टी-४ आहे १.६ नॅनोग्रॅम, दोन्ही १०० मिलीलिटर रक्तद्रवात. आठ मायक्रोग्रॅम म्हणजे ८००० नॅनोग्रॅम. म्हणजे मोकळं हार्मोन ५००० भागांत एक भाग. बाकी सगळं प्रथिनांच्या अंगावर.

माणसात ती प्रथिनं तीन. थायरॉक्सिन-बाइंडिंग ग्लोब्युलिन, म्हणजे टीबीजी, हे साधारण तीन-चतुर्थांश टी-४ धरतं. त्याखालोखाल ट्रान्सथायरेटिन आणि मग अल्ब्युमिन. पेशीत शिरतं ते मोकळं हार्मोन, म्हणून औषधाचा डोस ठरवताना आम्ही टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, मेंदूखालच्या ग्रंथीचं हार्मोन) आणि फ्री टी-४ पाहतो. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे टीबीजी वाढतं, टोटल टी-४ चा आकडा फुगतो आणि घरची मंडळी घाबरून रिपोर्ट घेऊन येतात. मोकळं हार्मोन ठीक असेल तर तो फुगलेला आकडा हा आजार नव्हे.

माशाबद्दल मला अधिकारानं लिहिता येणार नाही.

---

सीरम_ताई

मी जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. माशांचं सीरम पुष्कळ हाताळलंय, म्हणून लिहिते.

सर, 'हार्मोन पाण्यात विरघळत नाही म्हणून प्रथिनं लागतात' असं पुस्तकात असतं आणि मुलं ते पाठ करतात. पण ते पुरेसं कारण नाही. ज्या सूक्ष्म प्रमाणात हे हार्मोन रक्तात लागतं, तेवढं विरघळतं. खरी अडचण दुसरी आहे. टी-४ आणि टी-३ (थायरॉइडचं दुसरं हार्मोन) यांना चरबीची ओढ असते. वाटेत जी पेशी पहिली भेटेल तिच्या आवरणात ते शिरतं आणि तिथंच अडकतं. पुढच्या पेशीला काही उरत नाही.

हे करून दाखवलेलं आहे. १९८७ साली मेंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतातून किरणोत्सारी आयोडीन लावलेलं टी-४ सोडलं. द्रावणात प्रथिन नव्हतं तेव्हा शिरेच्या तोंडाशी असलेल्या पेशींनीच ते जवळजवळ सगळं उचललं. त्याच द्रावणात प्रथिन घातलं, तर पहिल्या पेशीपासून शेवटच्या पेशीपर्यंत सारखं पसरलं. किरणोत्साराचे ठिपके फिल्मवर उमटवून ते पाहिलं होतं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण एका चित्रात सगळं कळतं.

---

शेततळं_भुदरगड

ताई, मी मास्तर न्हाय, डॉक्टर बी न्हाय. माझं शेततळं हाय, रोहू-कटला-सायप्रिनस सोडतो, बाजूला ऊस. पण तुमचं हे मला लगेच उमजलं. पाटाला पाणी सुटलं की तोंडावरचा ऊसवाला सगळं दार उघडून घेतो आणि टेलच्या माणसाच्या सरीत धूळ. म्हणून पाटकरी लागतो. पाळीपाळीनं पाणी देतो, तवा कुठं शेवटच्या वावरापर्यंत ओल जाती. ही प्रथिनं पाटकरीच झाली की.

---

सीरम_ताई

दादा, इतका नेमका दाखला मला तीस वर्षांत सुचला नाही. फक्त एक लक्षात ठेवा. पाटकऱ्याला कळतं कुणाची पाळी आहे. प्रथिनाला कळत नाही. ते हार्मोन धरतं, सोडतं, परत धरतं, हे सतत चालू असतं. मोकळं हार्मोन एखाद्या पेशीत गेलं की शेजारच्या प्रथिनावरचं थोडं सुटून ती जागा भरून काढतं. तेवढ्या साध्या धर-सोडीतूनच वाटप सारखं होतं.

आणि हा साठाही आहे. माणसात टी-४ निम्मं व्हायला आठवडाभर लागतो. त्यामुळे एखादी गोळी चुकली तरी त्या दिवशी अंगात फार फरक पडत नाही. टी-३ मात्र साधारण एका दिवसात निम्मं होतं.

---

शाहूपुरीची_वैनी

मी हे वाचतेय, कारण माझी गोळी चालू आहे. इतकी वर्षं 'फ्री' म्हणजे फुकट तपासणी असं सासूबाईंना वाटायचं, मलाही कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आज त्यांना ५००० भागांत एक भाग हे सांगितलं. लिहीत राहा.

---

कागलचा_आदित्य

मी सध्या पुण्यात पीएचडी करतोय, माशांच्या अंतःस्रावांवर. सरांच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं थेट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

माशातही टी-४ आणि टी-३ चा ९९ टक्क्यांहून जास्त भाग बांधलेला असतो. पण बांधणारी मंडळी आपल्यापेक्षा वेगळी. आपला सगळ्यात मोठा वाहक टीबीजी, तो माशाकडे नाही. मग उरतात ट्रान्सथायरेटिन, अल्ब्युमिन आणि लायपोप्रोटीन, म्हणजे चरबी वाहणारे कण. ट्राउट माशात लायपोप्रोटीन दोन्ही हार्मोनं धरतात हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं गेलंय. माशांच्या रक्तात हे कण भरपूर असतात, त्यामुळे त्यांचा वाटा दुर्लक्षित करून चालत नाही.

आता सरांच्या टेबलावरचा सायप्रिनस. त्याच्या रक्तात अल्ब्युमिन सापडत नाही. त्याच कुळातल्या झेब्राफिशच्या जनुकसंचातही अल्ब्युमिनचं जनुक नाही. माणसाच्या रक्तद्रवात सर्वांत जास्त असणारं प्रथिन या माशांकडे मुळातच नाही आणि तरी त्यांचं उत्तम चाललंय! मुलांना हे जरूर सांगा. एका प्राण्याची व्यवस्था पाहून दुसऱ्याची गृहीत धरता येत नाही, हे मला पहिल्यांदा तिथं कळलं.

ट्रान्सथायरेटिनची गोष्ट मोठी आहे. रात्री सविस्तर लिहितो.

---

रंकाळाकाठ

आदित्य, वाट पाहतो. ताई, एक विचारायचं होतं. माशाच्या सीरममध्ये कुठलं प्रथिन हार्मोन धरतं, हे तुम्ही प्रत्यक्ष कसं पाहायचात? मुलांना पद्धत सांगायची आहे.

---

सीरम_ताई

सर, मासा आधी लवंग तेलाच्या पाण्यात गुंगीत आणायचा. शेपटीकडच्या शिरेतून सुईनं रक्त घ्यायचं, गोठू द्यायचं, मग फिरवून वरचं पिवळसर सीरम काढायचं. त्यात किरणोत्सारी टी-४ किंवा टी-३ अगदी थोडं मिसळायचं आणि जेलवर विजेच्या दाबाखाली प्रथिनं पळवायची. लहान आणि जास्त ऋणभाराची पुढं जातात. मग कुठल्या पट्टीवर किरणोत्सार उमटतो ते पाहायचं. माणसाच्या सीरममध्ये ट्रान्सथायरेटिन अल्ब्युमिनच्याही पुढे पळतं, म्हणून त्याचं जुनं नाव 'प्रीअल्ब्युमिन'. 'ट्रान्सथायरेटिन' हे नाव १९८१ साली रुळलं. थायरॉक्सिन आणि रेटिनॉल, म्हणजे अ-जीवनसत्त्व, दोन्हींच्या वाहतुकीत हे प्रथिन असतं, ते त्या नावात आलंय.

मोकळं हार्मोन मोजायला पारपटलाची पिशवी वापरायची. सीरम पिशवीत, बाहेर बफर. प्रथिनं पिशवीतच राहतात, मोकळं हार्मोन बाहेर झिरपतं. दोन्हीकडे समतोल झाला की बाहेरचं मोजायचं.

इथं एक गोष्ट नवीन मुलं हमखास विसरायची. माणसाच्या सीरमसाठी ३७ अंश ठेवतात. मासा थंड रक्ताचा, त्याच्या पाण्याचं जे तापमान तेच पिशवीभोवती ठेवायला हवं. तापमान बदललं की प्रथिनाची पकड बदलते, आणि मग आलेला आकडा त्या माशाचा राहत नाही. यावरून मी अनेकांना आठवडाभराचं काम परत करायला लावलंय.

---

कागलचा_आदित्य, रात्री उशिरा

ट्रान्सथायरेटिन म्हणजे चार सारख्या घटकांनी बनलेलं प्रथिन. माणसात प्रत्येक घटक १२७ अमिनो आम्लांचा. चारही एकत्र आले की मधोमध आरपार बोगदा तयार होतो आणि त्या बोगद्यात हार्मोन बसायच्या दोन जागा असतात.

माशांत हे प्रथिन नाही असं बराच काळ मानलं जायचं. १९९९ साली पोर्तुगालच्या अल्गार्व्ह विद्यापीठातल्या संशोधकांनी गिल्टहेड सी-ब्रीम या समुद्री माशाच्या यकृतातून त्याचं जनुक शोधून काढलं. पुढे लॅम्प्रेसारख्या जबडा नसलेल्या अतिप्राचीन गटातही ते मिळालं. म्हणजे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या अगदी सुरुवातीपासून हा वाहक आहे.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. सस्तन प्राण्यांचं ट्रान्सथायरेटिन टी-४ घट्ट धरतं, टी-३ सैल. मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांचं मात्र टी-३ जास्त घट्ट धरतं. टी-४ वर आयोडीनचे चार अणू असतात, टी-३ वर तीन. पेशीच्या केंद्रातल्या ग्राहकावर, म्हणजे हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनावर (रिसेप्टर), प्रामुख्यानं काम करतं ते टी-३. टी-४ म्हणजे कच्चा माल. यकृतात आणि इतर ऊतींत सेलेनियम असलेली एन्झाइमं त्याचा एक आयोडीन काढतात आणि टी-३ बनतं. म्हणजे मासा तयार माल वाहतोय, आपण कच्चा माल वाहतो आणि ज्या अवयवाला लागेल तिथं तो घडवतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक अवयवाला आपल्यापुरतं ठरवायची मोकळीक जास्त, असं अनेक अभ्यासक म्हणतात आणि मला ते पटतं.

फरक कुठं पडला, तर बोगद्यात नाही. ती जागा लाखो वर्षं जवळपास तशीच आहे. बदललं ते साखळीचं सुरुवातीचं टोक. मासे-पक्ष्यांत ते लांब आणि पाण्यापासून दूर पळणारं, सस्तनांत आखूड आणि पाण्याशी जुळणारं. हे टोक बोगद्याच्या तोंडाशी येतं, त्यामुळे आत कोण किती सहज जाईल ते बदलतं.

आणि हे प्रथिन आलं कुठून? युरिक आम्लाचं विघटन करणारं एक जुनं एन्झाइम आहे, जिवाणूंतही असतं. त्याच्या जनुकाची कधीतरी एक जास्तीची प्रत तयार झाली. मूळ प्रत जुनं काम करत राहिली. जास्तीच्या प्रतीनं ते काम सोडलं आणि एन्झाइमची जी सक्रिय खाच होती, तिथंच हार्मोन बसू लागलं. पुढे माणसाच्या आणि वानरांच्या शाखेत मूळ एन्झाइमचं जनुकच निकामी झालं. जास्तीची प्रत मात्र आजही आपल्या यकृतात बनतेय.

---

मंगळवारपेठ_डॉक्टर

आदित्य, सुंदर लिहिलंस. या बोगद्याचा आम्हाला दवाखान्यात थेट संबंध येतो. ट्रान्सथायरेटिनचे चार घटक सुटे झाले की काहींच्या हृदयात आणि मज्जातंतूंत त्यांचे तंतू साचतात, त्याला अमायलॉइडोसिस म्हणतात. त्यावरचं टॅफामिडिस हे औषध नेमकं थायरॉक्सिनच्या त्या जागेत जाऊन बसतं आणि चारही घटक एकत्र धरून ठेवतं.

---

शेततळं_भुदरगड

आता माझ्या कामाचं इचारतो. मत्स्यजिऱ्यापासून (अगदी बारकी पिल्लं) बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) होईपर्यंत माझी लई मर होती. एकजण म्हणाला, थायरॉइडची गोळी पाण्यात टाकली की पिल्लं झपाट्यानं वाढत्यात. खरं का?

---

कागलचा_आदित्य

दादा, ती गोष्ट हवेतून आलेली नाही, पण तुम्ही तसं करू नका. १९८० साली सिंगापूरमध्ये चिलापीची पिल्लं थायरॉक्सिनच्या द्रावणात ठेवून पाहिली होती. वाढ लवकर झाली, जगण्याचं प्रमाणही सुधारलं. पण ते मोजून-मापून, प्रयोगशाळेतल्या छोट्या भांड्यात. मात्रा जास्त झाली की पिल्लांची हाडं वाकडी होतात, पर बिघडतात. शेततळ्यात मात्रा सांभाळता येत नाही.

शिवाय निसर्गानं सोय आधीच करून ठेवलीय. मादीच्या रक्तातलं टी-४ आणि टी-३ अंड्यातल्या बलकात उतरतं. पिल्लाच्या स्वतःच्या पुटिका कामाला लागेपर्यंत आईची ही शिदोरी पुरते. म्हणून जिरे कुठून घेता, तिथल्या माद्यांना खाद्य कसं मिळतं, ते बघा. मर होते ती बहुधा प्राणवायू, खाद्य आणि पाणकिड्यांमुळे. हार्मोनच्या मागे लागण्याआधी जिरे सोडायच्या आधीची तळ्याची तयारी तपासा.

कोकणातला लेप मासा बघितलाय ना, चपटा, दोन्ही डोळे एका बाजूला? अशा चपट्या माशांची पिल्लं जन्मतात ती सरळ, डोळे दोन्हीकडे. थायरॉइडचं हार्मोन वाढलं की एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो. एवढी ताकद आहे त्यात.

---

सीरम_ताई

दादा, आयोडीनबद्दलही ऐका. मासा कल्ल्यांतून पाण्यातलं आयोडीन घेतो आणि खाद्यातूनही. अमेरिकेत १९१० च्या सुमाराला पेनसिल्व्हेनियातल्या एका ट्राउट केंद्रात माशांच्या गळ्याला मोठमोठ्या गाठी आल्या. सगळ्यांना वाटलं कर्करोग. डेव्हिड मरीन या डॉक्टरानं दाखवलं की तो गलगंड आहे, आणि आयोडीन दिल्यावर गाठी ओसरल्या. याच मरीननी पुढे १९१७ पासून ओहायोतल्या ॲक्रन गावात शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो हे सिद्ध केलं. आपल्या घरातल्या आयोडीनयुक्त मिठाच्या पाठीमागे त्या ट्राउटांच्या गाठी आहेत. मी हे प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला सांगायची.

---

पंचगंगा_घाट

सगळं वाचलं. दर उन्हाळ्यात नदीत मेलेले मासे तरंगताना बघतो आणि पोटात कालवतं. सांडपाण्यातली रसायनं माशांच्या या वाहक प्रथिनांना बिघडवत असतील का? त्यानंच मासे मरतात का?

---

कागलचा_आदित्य

दोन प्रश्न वेगळे ठेवूया. उन्हाळ्यात एकदम मासे मरतात त्याचं नेहमीचं कारण प्राणवायू. पाणी कमी, तापलेलं, त्यात सांडपाणी. ते कुजताना प्राणवायू खाऊन टाकतं आणि मासे गुदमरतात. त्याला हार्मोनची गोष्ट जोडली तर खरं कारण झाकलं जाईल.

पण पहिला प्रश्न रास्त आहे. काही कृत्रिम रसायनांचा आकार थायरॉक्सिनसारखा असतो. पीसीबी ही कारखान्यांतली रसायनं शरीरात जाऊन बदलल्यावर तयार होणारी त्यांची हायड्रॉक्सी रूपं, पेंटाक्लोरोफिनॉल, आग रोखायला वापरतात ते टेट्राब्रोमो-बिस्फेनॉल-ए: ही माणसाच्या ट्रान्सथायरेटिनच्या बोगद्यात घट्ट जाऊन बसतात आणि हार्मोनला जागा देत नाहीत. अशा नुकसानीनं मासा तडकाफडकी मरत नाही. झालंच तर वाढ, रूपांतर, प्रजनन हळूहळू बिघडतं, आणि घाटावर उभं राहून ते दिसत नाही. कुठल्या पाण्यात काय आहे हे नमुना तपासल्याशिवाय बोलू नये. तपासणीची मागणी मात्र जरूर करावी, मी तुमच्याबरोबर आहे.

---

शाहूपुरीची_वैनी

एक शंका. असे वाहक एकापेक्षा जास्त का? एक बिघडला तर मासा मरतो का?

---

मंगळवारपेठ_डॉक्टर

वैनी, माशाचं आदित्य सांगेल, पण जन्मतः टीबीजी नसलेली माणसं मी पाहिली आहेत. टोटल टी-४ अगदी कमी, फ्री टी-४ आणि टीएसएच ठणठणीत. त्यांना कुठलंही औषध लागत नाही. ट्रान्सथायरेटिनचं जनुक काढून टाकलेले उंदीरही नव्वदच्या दशकात तयार केले, तेही जगतात आणि वाढतात. एक पाटकरी गेला तर दुसरे पाळी सांभाळतात.

---

रंकाळाकाठ (धागाकर्ता), पुढच्या शनिवारी

मंडळी, काल पुन्हा प्रात्यक्षिक घेतलं. त्याच सायप्रिनसचं मूत्रपिंड आम्ही फॉर्मॅलिनमध्ये ठेवलं होतं. आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी मेणात बसवून पातळ काप काढले, हिमॅटॉक्सिलिन-इओसिननं रंगवले. पहिल्या पाच स्लाइडवर नुसत्या नलिका आणि रक्तपेशी. सहाव्या स्लाइडवर त्या मुलीनंच पुटिका शोधली: नलिकांच्या मध्ये एका रांगेत पेशींचं कडं, आत एकसारखं गुलाबी द्रव्य भरलेलं. शेजारी दुसरं, जरा लहान. आणि कड्याला अगदी चिकटून एक केशवाहिनी.

तिनं वहीत चित्र काढलं. केशवाहिनीच्या आत चार छोटे गोल एकमेकांना जोडून काढले, मधे पोकळी ठेवली आणि तिथं 'टी-३' लिहिलं. सूक्ष्मदर्शकात ते दिसत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहितीय सर, पण तिथंच असणार ना?"

मी 'हो' म्हणालो. तिनं बाहेर अजून एक ठिपका काढला, मोकळा.